कमलाभाभीच्या हातची पोळी

दिल्लीहून येऊन आठवडा झाला, आणि आमच्या आळीतल्या बायका रोज एकच विचारतात, "लाल किल्ला बघितला का?" नाही बघितला. कुतुबमिनार गाडीतून दिसला, म्हणजे भाची वैशाली म्हणाली, "मावशी, तो बघ," आणि मी चष्मा लावेपर्यंत तो गेला. ज्यांना किल्ले-मिनार बघायचेत त्यांनी कॅलेंडर बघावं. मी दिल्लीत जे बघितलं ते कॅलेंडरवर यायचं नाही.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत, विशी नुकती उलटलेली, शत्रूच्या हाती सापडले आणि पलीकडच्या छावणीत वर्षभर कैदेत राहिले. सुटून आले आणि पुढे आमचं लग्न झालं. त्या कैदेबद्दल इतक्या वर्षांत त्यांनी मला मोजून तीन वाक्यं सांगितली. थंडी फार होती. डाळ पातळ होती. मग सोडलं.

कैद सुटली पण सवयी काही सुटल्या नाहीत. जेवताना अर्धी चपाती गुपचूप रुमालात जाते, उद्यासाठी. रोज संध्याकाळी साडेपाचला असतील तिथं उठून ताठ उभे राहतात, हात मांड्यांना चिकटवून, दोन मिनिटं. छावणीत त्या वेळी मोजणी व्हायची, हे मला त्यांच्या पलटणीतल्या एकाकडून कळलं. एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून तोंड तसंच उघडं ठेवून उठले होते. डॉक्टर बिचारा हातातलं यंत्र टाकून बाहेर पळाला.

ह्याचं मला काही वाटत नाही. माझं दुखणं वेगळंच आहे. मी साताऱ्यात तीस वर्षं खानावळ चालवली. शिकायला आलेली पोरं बोटं चाटून जायची, मास्तर लोक डबा लावायचे, एक निवृत्त जज्जसाहेब तर माझ्या आमटीसाठी मुलाकडे पुण्याला जायला तयार नव्हते. आणि घरचा माणूस? एक शब्द नाही! समोर श्रीखंड ठेवा नाहीतर शिळी भाकरी ठेवा, मान खाली घालून जेवायचं, ताट पुसून स्वच्छ करायचं आणि उठायचं. चांगलं झालंय म्हणून नाही की बिघडलंय म्हणून नाही. मी मुद्दाम आमटीत मीठ न घालता वाढून बघितलं, तेसुद्धा जेवले. "मीठ कमी आहे" एवढं जरी म्हणाले असते तरी मी गावाला पेढे वाटले असते. ह्या माणसाला जीभच नाही असं मी शेवटी धरून चालले.

रामकृष्णपुरम

दिल्लीचं निघालं ते माझ्या भाचीमुळे. वैशाली तिथं केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, रामकृष्णपुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिच्या सेक्शनमध्ये गुडगावची एक मैत्रीण आहे. ती वर्षातून एकदा डब्यात एक विचित्र पराठा आणते आणि कोणी खात नाही. नाव काय, तर 'सातारा पराठा'! वैशालीने विचारलं, साताऱ्यात असलं काही नसतं यार, हे कुठून आलं? तर म्हणे, आमचे सासरे लढाईत कैदी होते, त्यांच्याबरोबर साताऱ्याचे एक शिंदे होते, त्यांच्या घरचा हा प्रकार आहे. साताऱ्यात शिंदे शोधायचा म्हणजे नदीत पाणी शोधायचं, पण कैदेतून आलेला शिंदे वैशालीच्या माहितीत एकच होता, आमचे हे.

तर असे ते सासरे, रामफल, सापडले. फोनवर दोघांची गाठ घालून दिली. मी कान देऊन ऐकत होते. तिकडून एक म्हातारा ढसाढसा रडत होता आणि इकडून हे म्हणत होते, "हां... हां... ठीक है... हां." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "दिल्लीला जायचंय." मग थोड्या वेळाने, "तू नाही आलीस तरी चालेल."

इथंच मला शंका यायला हवी होती. ज्या माणसाला साध्या वरातीलाही बायको बरोबर लागते, तो दिल्लीला मला नको म्हणतो? पण मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी असेल. काळजी! कपाळ माझं.

दिल्लीत माघातही थंडी होती. वैशालीच्या लेकीला, रियाला, मी म्हटलं, "गोधडी दे गं." ती आईकडे बघून म्हणाली, "मम्मा, गोधडी मतलब?" वैशालीने रजई आणून दिली आणि म्हणाली, "मावशी, ही आता अर्धीच मराठी उरलीय, सांभाळून घे." पोरगी गुणाची आहे पण. सकाळी माझ्या हातची थालीपीठं चार खाल्ली आणि म्हणाली, "आजी, बिल्कुल भारी!" मी ह्यांच्याकडे बघितलं. अर्धी मराठी असलेल्या पोरीला जे जमतं ते... हे रुमालाची गाठ मारत होते.

करोल बाग

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून रामफलच्या बायकोसाठी काही घ्यायला करोल बागेत गेलो. मेट्रोच्या तपासणीत ह्यांना अडवलं. शिपायाने खिसा चाचपला, रुमाल सोडला.

"ये क्या है, अंकल?"

"रोटी."

"किसलिए?"

"कल के लिए."

शिपायाने रोटी उलटीपालटी करून बघितली, त्याच्या साहेबाला दाखवली. साहेबाने ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवऱ्याला उपाशी ठेवते. तीस वर्षं खानावळ चालवणारी मी! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

दुकानात कपड्यांचे डोंगर होते. वैशाली म्हणाली, हरयाणाकडच्या बायका साडी नेसत नाहीत गं, सलवार-सूटचं कापड घे. मी रंग बघत बसले आणि मधेच मान वर केली तर हे दारात. साडेपाच झाले होते. छाती पुढे, हनुवटी वर. येणाऱ्या एका बाईने त्यांना दरवान समजून आपल्या चार पिशव्या त्यांच्या हातात दिल्या आणि आत गेली. तिचं बघून दुसरीने दिल्या. तिसरीने तर गाडीची किल्ली दिली आणि म्हणाली, "भैया, ज़रा साइड में लगवा देना." हे दोन मिनिटं हलले नाहीत. मग आत आले आणि मला म्हणाले, "ह्या पिशव्या कुणाच्या आहेत ते विचार. आणि मला गाडी चालवता येत नाही."

हसू आवरेना वैशालीला. मलाही हसू आलं, आणि त्या पाठीकडे बघून थोडं वाईटही वाटलं. एवढी वर्षं झाली तरी हा माणूस रोज मोजून घेतो स्वतःला.

गुडगावच्या पोटातलं गाव

गुडगावात आरशासारख्या काचेच्या इमारती आहेत, वर बघितलं की मान अवघडते. त्यातल्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून गाडी आत वळली आणि आत चक्क गाव निघालं. गोवऱ्यांच्या उतरंडी, पिंपळाचा पार, हुक्का ओढणारे म्हातारे. रामफलचं घर चार मजली. वरच्या तीन मजल्यांवर कंपन्यांत नोकरी करणारी भाडेकरू पोरं, खाली स्वतः रामफल, आणि पार्किंगमध्ये मोटारीच्या शेजारी बांधलेली म्हैस. मला ते घर लगेच आवडलं. आपल्याकडे चार मजले झाले की माणसं आधी म्हैस विकतात.

रामफल काठी टेकत, एक पाय ओढत बाहेर आले. सहा फूट उंच म्हातारा. दोघं समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं मिठी मारतील, रडतील. रामफल म्हणाले, "मोटा हो गया तू." हे म्हणाले, "तू भी." आणि मग एकमेकांना असे धरून राहिले की म्हशीनेही रवंथ थांबवलं.

मग ते माझ्याकडे वळले, दोन्ही हात जोडले, डोळे भरून आलेले. म्हणाले, "कमला भाभी! आपके दर्शन हो गए, अब चाहे आज मर जाऊँ."

माझं नाव इंदुमती आहे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हशीकडे बघत होते. बाप्यामाणसाने म्हशीकडे इतकं टक लावून बघायचं एकच कारण असतं. मी मूग गिळून आत गेले.

आत रामफलची बायको होती. नाव संतोष. तिकडे बाईचं नाव संतोष असतं, मला गंमत वाटली. गोरी, ठसठशीत, हातात लाटणं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाल तो घुटनों तक के सुने थे."

माझे केस कधीही खांद्याखाली गेलेले नाहीत.

मग एकेक कळायला लागलं. ही कमला शिंदेंची बायको. ती पहाटे उठून ओव्या गाते. तिच्या भाकरीचा पापुद्रा दुसऱ्या गल्लीतून दिसतो. तिच्या आमटीच्या वासाने वाटसरू थांबतात. आणि तिच्या हातची पुरणपोळी, तिचं तर विचारूच नका! मी मनात बेरीज करत होते. कैद लग्नाच्या आधीची. म्हणजे ही माझ्याआधीची. म्हणजे माहेरच्यांनी मला बिजवराला दिलं आणि पन्नास वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही? म्हणजे ह्यांना जीभ होती, आणि ती सगळी दुसरीच्या स्वयंपाकावर खर्च झाली होती? कानामागून येऊन तिखट झालेल्या बायका मी बघितल्यात. ही तर माझ्या आधीच येऊन तिखट होऊन बसली होती.

संतोषने ताट वाढलं. "जिस दिन ये छूटके आए, हर साल उस दिन बनाती हूँ. आज आपके लिए बनाया. कमला भाभी वाली पूरणपोली." मी घास घेतला. हरभऱ्याची डाळ, गूळ, इथवर ठीक. मग लसूण. मग लाल तिखट. मग खोबरं, धणे, आणि तळलेला कांदा. देवा! पुरणपोळी आणि कटाची आमटी एकाच पराठ्यात कोंबून तुपात तळली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते संतोषला भक्तीचं वाटलं.

"सही बनी है?" तिने विचारलं. तिचा हात ओढणीवर थांबला होता. "सच बताना, बहन. ये आदमी हर साल खाता है और हर साल कहता है, ठीक है, पर वो कमला भाभी वाली बात नहीं. पचास साल से सुन रही हूँ."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाजेची करकर झाली. दोघींनी दारातून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच. दोघे म्हातारे शेजारी शेजारी ताठ उभे, हात मांड्यांना चिकटलेले. रामफलचा लंगडा पाय थरथरत होता तरी काठी बाजेवरच होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"आपके यहाँ भी?" संतोष हळूच म्हणाली.

"रोज," मी म्हटलं.

"और रोटी?"

"रुमाल में."

"यहाँ तकिये के नीचे," ती म्हणाली. "चूहे हो जाते हैं." आणि तिने माझा हात धरला. त्या हाताने मला धीर आला. दोन मिनिटं संपली, दोघे खाली बसले, आणि मी पदर खोचून बाहेर गेले.

"ही कमला कोण?" मी मराठीत विचारलं, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. "ये कमला कौन है? मेरा नाम इंदुमती है."

रामफलच्या तोंडचा हुक्का तसाच राहिला. मग हे बोलायला लागले, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि मी लग्नाच्या दिवसापासून ऐकले नव्हते इतके शब्द त्या पंधरा मिनिटांत ऐकले.

छावणीत संध्याकाळची मोजणी झाली की सगळे आपापल्या घरचं जेवण सांगायचे. आज माझ्या घरी काय शिजलं असेल ते. रामफलच्या पायात गोळी होती, ताप उतरत नव्हता, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करून जेवण सोडून दिलं होतं. कुणीतरी बोलून खाऊ घालायला हवं होतं. "सगळ्यांना कुणीतरी होतं," हे म्हणाले. "कुणाची आई, कुणाची बायको. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. चुलत्याच्या घरी शेवटच्या पंगतीला उरलेलं मिळायचं. मी कुणाच्या हातचं सांगणार? म्हणून बायको काढली एक."

"काढली म्हणजे?"

"मनानेच. नाव ठेवलं कमला. केस दिले. गळा दिला. स्वयंपाक येत नव्हता मला, चुलतीला दारातून बघितलेलं तेवढं सांगायचो. सणाला ती डाळ शिजवायची, गूळ चिरायची, लसूण ठेचायची. मला वाटलं सगळं एकातच जातं."

रामफल हळूहळू बोलले, "एक बात ये बताता, एक कौर मैं खाता. बात बंद, तो मेरा मुँह बंद." मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "मतलब... भाभी थी ही नहीं?"

"नाही."

"मैं पचास साल किसके गुण गाता रहा?"

"और मैं किसके ताने सुनती रही?" आतून संतोष लाटणं घेऊन बाहेर आली.

अति झालं आणि हसू आलं म्हणतात तसं झालं. आधी संतोष हसली, मग मी. म्हातारे दोघे घाबरून आमच्याकडे बघत होते. हसता हसता मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही. सहा वर्षांचं पोर दारात उभं राहून चुलतीचा स्वयंपाक बघतंय, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग मी पदर परत खोचला आणि खरी पुरणपोळी केली. पुरणयंत्र नव्हतं तर त्यांच्या पाट्यावर वाटलं. संतोष शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत होती. "लहसुन?" नाही. "मिर्च?" नाही गं बाई! वेलची, जायफळ, वर म्हशीचं घरचं तूप. लुसलुशीत, टम्म फुगलेली पोळी मी स्वतः रामफलच्या ताटात वाढली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली, अख्खी. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

"बहुत बढ़िया है, भाभी," ते म्हणाले. "पर... वो कमला भाभी वाली बात नहीं."

संतोषने लाटणं उगारलं. मी तिचा हात धरला, पण फार घट्ट नाही.

परतीची गाडी

दोन दिवसांनी निजामुद्दीनहून दुपारची गाडी होती. रामफल स्टेशनवर आले होते, एका रुमालात अर्धी रोटी बांधून. ती त्यांनी ह्यांच्या हातात दिली, ह्यांनी आपली त्यांना दिली. झाला निरोप. संतोषने मला सातारा पराठ्याचा डबा दिला. म्हणाली, घरात आता कुणाला दुसरा आवडेल असं वाटत नाही, मी लसणाचाच करत राहणार. मी म्हटलं कर बाई, कमलाची आठवण.

गाडी सुटली. डोळ्यांसमोर मोहरीची शेतं यायला लागली आणि मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "जिचा जन्मच झाला नाही तिच्या आमटीवर वर्षभर बोललात. माझी आमटी एवढी वर्षं जेवलात. मला कधी एक शब्द नाही. का हो?"

ह्यांनी रुमालाची गाठ सोडली, परत बांधली. मला वाटलं, झालं, संपले शब्द. मग म्हणाले, "तिथं खरं अन्न समोर आलं की कुणी बोलायचं नाही, इंदू. मुकाट खायचं. बोलायचं ते नसलेल्या जेवणाबद्दल. तुझ्या घरात मला कधी बोलायची वेळच आली नाही."

मी नाक पुसलं आणि डबा उघडला. सकाळी वैशालीकडे केलेल्या दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी. ह्यांना वाढलं, रुमालासाठी अर्धी दशमी जास्त ठेवली. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग चावायचे थांबले, माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि जसं काही मोठं कठीण काम अंगावर घेतलंय असं म्हणाले,

"मीठ जरा कमी आहे."

पहिल्यांदा माझा तिळपापड झाला. मीठ कमी? माझ्या हातचं? जज्जसाहेबांनी कधी काढलं नाही ते... आणि मग माझ्या लक्षात आलं की मला काय ऐकू आलंय.

मथुरा आलं. खिडकीशी पेढेवाला ओरडत होता. मी दोन पुडे घेतले आणि आख्ख्या डब्यात वाटले. समोरची बाई म्हणाली, "बहनजी, पोता हुआ क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "सब्ज़ी में नमक कम हो गया."

तिने पेढा घेतला आणि माझ्याकडे जरा जपूनच बघितलं. हे खाली मान घालून जेवत होते, कान लाल झालेले. त्यांचं ताट पुसून झाल्यावर मी डब्यात उरलेली भाजी चाखून बघितली.

मीठ बरोबर होतं.